चौथ्या कॉलमातलं वाक्य

४ जानेवारी

धाकट्या,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट न उघडताच फेकशील, म्हणून पत्ता छापून चिकटवलाय. वीस वर्षं फ्रेमांचं दुकान चालवते आहे, एवढी लबाडी तर अंगात यायलाच हवी. आता उघडलंच आहेस तर उभ्याउभ्या का होईना, वाचून घे. मग फेक.

पत्ता मॉनिटरने दिला. तुझ्या वर्गातला तो, फळा पुसायचं डस्टर घरी नेऊन धुऊन आणणारा. आता दातांचा डॉक्टर झालाय, पण अजून मॉनिटरच आहे. दुकानात शिरल्या शिरल्या त्याने भिंतीवरची एक तिरकी फ्रेम सरळ केली. गेल्या महिन्यात तो त्याचा पाण्याचा पंप घेऊन तुझ्या कारखान्यात आला होता म्हणे. "पाना डाव्या हातात धरला होता, तेव्हाच ओळखलं," म्हणाला. त्याने ओळख दिली, तू दिली नाहीस. मग बाहेरच्या पाटीवरून पत्ता उतरवून घेतला गड्याने.

तो आला होता कामासाठी. बाबा पंचाहत्तर वर्षांचे झाले. शाळेची जुनी मुलं पंधरा फेब्रुवारीला त्यांचा सत्कार करणार आहेत आणि भेट म्हणून त्यांना द्यायचाय तो लेख. कोणता लेख ते तुला सांगायला नको. 'छडी मोडणारा मुख्याध्यापक.' मॉनिटरने अख्खं पान सव्वीस वर्षं जपून ठेवलंय, घडीवर फाटलेलं, चहाच्या रंगाचं झालेलं.

माझं काम काय असतं ते तुला माहीत नसेल. लोक छापून आलेलं काहीतरी घेऊन येतात. आजोबांवरचा लेख, मुलीच्या निकालाची बातमी. मूळ पान कसं असतं? लेख वेडावाकडा, एक कॉलम इकडे, दोन तिकडे, मध्येच गादीची जाहिरात. मी ते स्कॅन करते, जाहिरात काढते, कॉलम सरळ बसवते, मथळा मोठा करते, फोटो मध्ये घेते, चांगल्या कागदावर छापते. मग चारी बाजूंनी माउंटचा पुठ्ठा, वर काच, लाकडी पट्टी, आणि झाली भिंतीवर टांगायची भेट. माझा एकच नियम आहे. मांडणी वाटेल तशी बदलीन, शब्दाला हात लावणार नाही. काकांचं नाव गाळा, जावयाचं घाला, असं सांगणारे रोज येतात. त्यांना मी सांगते, छापलं ते छापलं.

तर मॉनिटर म्हणाला, चौथ्या कॉलमात एक वाक्य आहे, ते मोठ्या अक्षरांत फोटोखाली घ्या. मी वाचायच्या आधीच मला ते माहीत होतं.

"आम्हा भावंडांना बाबांनी कधी बोटसुद्धा लावलं नाही," त्यांची कन्या अभिमानाने सांगते.

धाकट्या, ते वाक्य त्या बातमीदाराने माझ्या तोंडी घातलं. त्यांना काय, पान भरायचं असतं. मी एकोणीस वर्षांची होते, मला छापून आल्यावर कळलं. तुला हे तेव्हाच सांगायचं होतं, पण त्या दिवसापासून तू माझ्याशी बोलणं टाकलंस. दोन वर्षं एका घरात, ताटाला ताट लावून बसलास आणि मीठसुद्धा मला मागितलं नाहीस. मग सोळाव्या वर्षी निघूनच गेलास.

हे काम मी घ्यावं का? तू नको म्हण, मी पान परत करते. दोन आठवडे वाट बघेन.

ताई


२० जानेवारी

धाकट्या,

दोन आठवडे झाले. तुझं उत्तर नाही. मी काम घेतलं.

लगेच नाक मुरडू नकोस. नाही म्हटलं असतं तर मॉनिटरने ते दुसऱ्या कुणाकडून करून घेतलं असतं, आणि त्याने ते वाक्य सोनेरी शाईत छापलं असतं.

पान स्कॅन केलं. फोटो तुला आठवतो का? तू छापील पान पाहिलंस की नाही, मला कधीच कळलं नाही. बाहेरच्या खोलीत बाबा खुर्चीवर, हातात मोडलेल्या छडीचे दोन तुकडे. मागे आई आणि मी. त्यामागे आतल्या खोलीचा पडदा. पानावर तो अंगठ्याएवढा काळपट चौकोन दिसतो. पण मी फोटो कॉम्प्युटरवर मोठा करून बघते, कारण डाग काढायचे असतात. जुन्या कागदावर माशीची घाण, शाईचे ठिपके, घडीची रेघ, हे सगळं एकेक करून पुसावं लागतं. तसं पुसत पुसत मी पडद्याच्या खालच्या कडेला आले आणि तिथे दोन डाग होते, शेजारी शेजारी. मी एकाचा अर्धा भाग पुसलाही. मग हात थांबला.

ते तुझे पाय आहेत. दहाही बोटं मोजता येतात. तू पडद्याला अगदी लागून उभा होतास.

म्हणजे तू सगळं ऐकलंस. मी आजवर धरून चालले होते की तू पलंगावर झोपला होतास. आई म्हणाली होती, गोळी देऊन निजवलाय. हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये, बोटांची टोकं तेवढी बाहेर, वांग्यासारखी काळीनिळी झालेली.

त्याच्या तीन दिवस आधीचं मला आठवतं ते लिहिते. लिहून बघते. शाळेत छड्या मोडायचा समारंभ झाला होता. सगळ्या वर्गांतल्या छड्या मैदानात गोळा केल्या, बाबांनी एकेक गुडघ्यावर मोडली, मुलं टाळ्या वाजवत होती. एक तेवढी मोडली गेली नाही, कारण ती आपल्या घरी होती, लोखंडी कपाटात कपड्यांच्या मागे उभी. तिची बोटभर जाडी तुझ्या आणि माझ्या पाठीला मापून माहीत होती. शाळेत हात उगारायचा नाही हे बाबा मनापासून पाळत. दिवसभराचं सगळं घरी घेऊन येत. बूट काढायच्या आधी कपाट उघडायचे. आईचा दात गेला तो असाच, आणि आपण शेजारी सांगितलं की नळावर घसरली.

आणि तू वर्गात कुणाला तरी सांगितलंस की एक छडी शिल्लक आहे. नुसतं सांगितलं नाहीस, कपाटातून काढून दप्तरात घालून दाखवायला नेलीस. चौदा वर्षांचा होतास, अक्कल कुठे होती!

संध्याकाळी बाबा म्हणाले, ज्या हाताने काढलीस तो कपाटात ठेव. चार बोटं दाराच्या बिजागरीच्या बाजूला आत गेली. मग त्यांनी खांद्याने दार लोटलं. एकदा लोटलं, दार पूर्ण लागलं नाही, म्हणून पुन्हा लोटलं. सुक्या शेंगा मोडाव्यात तसा आवाज आला. तू ओरडलास तो आवाज मला आठवत नाही, तो शेंगांचा आठवतो. दार उघडलं तेव्हा तुझ्या बोटांचं मांस बिजागरीला चिकटलेलं होतं आणि बाबा आईला म्हणाले, फडकं आण, कपाट गंजेल.

मी स्वयंपाकघरात होते. मला तिथून दिसत होतं, एवढंच.

आणि एक दुरुस्ती. बातमीदाराने वाक्य माझ्या तोंडी घातलं नव्हतं. त्याने विचारलं, वडील घरीही मारत नाहीत का, आणि मी हो म्हणाले. बाबा समोर बसले होते. दुसरं काय म्हणणार होते मी?

पाय मी पुसलेले नाहीत. जो अर्धा पुसला होता तोही परत आणला.

ताई


२ फेब्रुवारी

धाकट्या,

काल बाबा दुकानात आले. सत्काराच्या आधी सगळं तपासायला. मॉनिटरने त्यांना भेट काय आहे ते सांगून टाकलं होतं, त्याच्या पोटात काही राहतं का! आई बरोबर होती. तिच्या डाव्या कानामागे निळं होतं, मानेपर्यंत उतरलेलं. माझी नजर गेली तशी तिने केस पुढे ओढले आणि दुकानातल्या एका बदकाच्या चित्राचं फार कौतुक केलं.

बाबा वाळले आहेत. काठी घेऊन चालतात. पण खुर्चीत बसले, खिशातून लाल पेन काढलं आणि मी छापलेला नमुना ओळ न् ओळ वाचू लागले, बोट ठेवून, वह्या तपासायचे तसे. मी शेजारी उभी. पंचेचाळीस वर्षांची बाई मी, माझं स्वतःचं दुकान, आणि मी हात मागे बांधले होते.

"हे वाक्य लहान का?" त्यांनी विचारलं.

"लेखात जेवढं आहे तेवढंच घेतलंय."

"मोठं घे. फोटोखाली. सगळ्यांत महत्त्वाचं तेच आहे." मग त्यांचं बोट फोटोवर गेलं, पडद्याच्या खाली. "हे काय?"

"डाग असेल."

"मग पुसून टाक. डाग ठेवून कुणी भेट देतं का?"

मी म्हणाले, "बाबा, मूळ फोटोत आहे ते. मी काढत नाही."

मला वाटतं, मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना नाही म्हटलं. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. उठले, काठी उचलली आणि कामाच्या टेबलावर आडवी हाणली. तिथे त्यांच्याच फ्रेमसाठी कापून ठेवलेली काच होती. तिचे तुकडे आईच्या पायापर्यंत उडाले. एक माझ्या हनुवटीखाली लागला. दुसरा घाव त्यांनी नुसत्या लाकडावर घातला, फोडायला काही उरलं नव्हतं तरी. मग शर्टाच्या बाह्या सारख्या केल्या आणि शांतपणे म्हणाले, "काच अशी काठावर ठेवू नये. कुणाला लागेल."

आई खाली बसून हाताने तुकडे गोळा करायला लागली. मी तिला म्हटलं, झाडू आहे, राहू दे. ती ऐकेना. तिच्या बोटांतून रक्त येत होतं आणि ती म्हणत होती, "काही नाही, काही नाही, झालंच."

ते गेल्यावर मी फाईल उघडली आणि वाक्य मोठं केलं. फोटोखाली घेतलं. जांभळट काळ्या रंगात, दोन बाजूंना अवतरणचिन्हं. छान दिसतं, धाकट्या. माझा हात चांगला आहे.

पाय मात्र अजून पुसलेले नाहीत. ती फाईल मी तशीच बंद केली.

ताई


९ फेब्रुवारी

धाकट्या,

आज सगळं लिहिते. उद्या माझा धीर राहणार नाही.

मला एक मुलगी आहे. नऊ वर्षांची. घरात तिला चिमणी म्हणतो, कारण तिचं तोंड कधी बंद नसतं. तिचे बाबा बोटीवर असतात, वर्षातले दहा महिने आम्ही दोघीच. शाळा सुटली की ती दुकानात येते आणि गिऱ्हाइकांना नको ते सांगते. आईला डाव्या डोळ्याने नीट दिसत नाही, आई दुपारी खुर्चीत घोरते, असलं.

परवा ती हात धुऊन आली आणि ओले हात पुसायच्या आधी तिने टेबलावरचा कागद उचलला. आपल्या बाबांचा लेख. शेवटचा, चांगल्या कागदावर छापलेला. मोठ्या वाक्यावर पाच ओली बोटं उमटली आणि शाई पसरली. माझ्या हातात स्टीलची फूटपट्टी होती, माउंट कापायची, बोटभर रुंद. ती मी फिरवली. एकदा नाही. किती वेळा ते मला सांगता येत नाही, कारण मी मोजत नव्हते, मी म्हणत होते, "हात पुसता येत नाहीत? हात पुसता येत नाहीत?" तिच्या दंडावर कडेने लागली, तिथलं कातडं फुटलं. ती ओरडली नाही. कोपऱ्यातल्या पुठ्ठ्यांना पाठ लावून उभी राहिली आणि पट्टीकडे बघत राहिली, माझ्याकडे नाही.

ही पहिली वेळ नव्हे. पहिली असती तर मी लिहिलंच नसतं, मनात ठेवून गिळून टाकलं असतं.

तेवढ्यात मॉनिटर आला, काम कुठवर आलं बघायला. चिमणीला बघून म्हणाला, "काय गं, आज एवढी गप्प?" बस, एवढंच. दंडाकडे त्याचं लक्षही नव्हतं. आणि माझी चिमणी हसून म्हणाली, "मी पडले काका. आई मला कधीच मारत नाही."

तिला कुणी विचारलं नव्हतं, धाकट्या.

मॉनिटर गेल्यावर मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि खाली बसले. ते वाक्य तिने कसं म्हटलं ते मला ऐकू येत राहिलं. पटकन, गोड, मान थोडी तिरकी करून. मी अगदी तसंच म्हटलं होतं. बातमीदाराने मला काहीही विचारलं नव्हतं. तो वही बंद करत होता. मी स्वतः पुढे होऊन म्हणाले, "एक लिहा ना, आम्हा भावंडांना बाबांनी कधी बोटसुद्धा लावलं नाही." बाबांनी माझ्याकडे बघून मान डोलावली. मला तेव्हा बरं वाटलं. उद्या पेपरात येईन म्हणून बरं वाटलं, आणि त्यांचा राग आज माझ्यावर नाही म्हणून त्याहून बरं वाटलं. तू चार हात अंतरावर पडद्यामागे उभा होतास आणि मला बरं वाटत होतं.

आणि मी स्वयंपाकघरात नव्हते.

छडी तू नेलीस हे बाबांना कुणी सांगितलं असं तुला वाटतं? मीच. त्या दिवशी कपाट उघडून त्यांना छडी सापडली नाही आणि ते माझ्याकडे वळले, म्हणून मी सांगितलं. तू घरी आलास, दप्तरातून ती निघाली. ते म्हणाले, कोणत्या हाताने काढलीस? तू बोलेनास. तू डावखुरा नाहीस हे त्यांना माहीत होतं, तरी त्यांना कुणीतरी बोलायला हवं होतं. त्यांनी मला विचारलं, "कोणता हात?"

मी म्हणाले, "उजवा."

हे तू ऐकलं होतंस. तू माझ्याकडे बघत होतास. सव्वीस वर्षं तुला माहीत असलेली गोष्ट मी आज तुला सांगते आहे.

आता मी काय करणार ते ऐक. शब्दाला हात लावायचा नाही हा माझा नियम आहे, तो मी मोडणार नाही. ते वाक्य छापलं गेलं, ते राहील, मोठंच राहील. पण वर्तमानपत्रं चुकीचं छापलं की नंतर खुलासा छापतात. माउंट कापताना खालची कड वरच्यापेक्षा थोडी रुंद ठेवावी लागते, नाहीतर चित्र घसरल्यासारखं दिसतं. तिथे मला तीन बोटं जागा आहे. लेखाच्याच टाइपात सहा ओळी बसतात. मोजून पाहिलं.

चिमणीच्या दंडाला मलम लावलं. तिची माफी मागितली. ती म्हणाली, "असू दे, कागद पण महाग होता ना."

ताई


१७ फेब्रुवारी

धाकट्या,

हे डाव्या हाताने लिहिते आहे. लागेल तेवढंच लिहीन. तुला डाव्या हाताचं लिहिणं वाचायची सवय असेल.

परवा सत्कार झाला. शाळेचा मोठा हॉल, चारशे माणसं, बाबा मध्ये खुर्चीवर. फ्रेम कापडाने झाकून मीच सकाळी मॉनिटरच्या हातात दिली होती. त्याने कापड काढलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग, त्याचा स्वभाव तुला माहीतच आहे, त्याने माइक घेतला आणि अख्खा लेख वाचायला सुरुवात केली. वर्गात धडा वाचायचा तसा, ठणठणीत आवाजात, एक शब्द न गाळता. मोठं वाक्य आलं तेव्हा थांबून त्याने माझ्याकडे हात केला. पुन्हा टाळ्या. लेख संपला, पण खाली अजून अक्षरं होती, आणि मॉनिटरने कधी धडा अर्धा सोडलाय?

"खुलासा. या लेखाच्या चौथ्या कॉलमात कन्येच्या तोंडी असलेलं वाक्य खोटं आहे. ते तिने कुणी न विचारता सांगितलं. फोटोत पडद्याखाली दिसणारे पाय धाकट्या मुलाचे आहेत. त्याच्या तीन दिवस आधी वडिलांनी त्याच्या उजव्या हाताची चार बोटं..."

तिथे त्याचा आवाज चिरका झाला. पण तो थांबला नाही. "...कपाटाच्या दारात चिरडली. कोणता हात, हे कन्येनेच सांगितलं होतं."

हॉलमध्ये कुणीतरी खोकलं. बाबा उठले, मॉनिटरच्या हातून माइक घेतला. "माझी मुलगी लहानपणापासून गोष्टी रचते," ते हसून म्हणाले. "पण तिच्यावर रागवायचं नाही. मी जन्मभर तुम्हाला हेच शिकवलं ना?" आणि टाळ्या पडल्या, धाकट्या. पहिल्याहून जोरात. पुढच्या रांगेतल्या एका बाईने डोळे पुसले.

मग त्यांनी फ्रेम काखेत घेतली आणि मला, आईला, चिमणीला स्टेजमागच्या खोलीत नेलं. आईला सांगितलं, दार लाव. तिने लावलं. तिथे एक लाकडी टेबल होतं, हारतुऱ्यांच्या टोपल्या होत्या. बाबा माझ्याजवळ आले आणि अगदी हळू विचारलं, "कोणता हात?"

मी म्हणाले, "उजवा."

आपोआप गेलं तोंडातून. आणि हात टेबलावर ठेवला गेला, तोही आपोआप. त्यांनी फ्रेम दोन्ही हातांनी डोक्यावर उचलली आणि कड खाली करून आणली. जाड पट्टी मीच निवडली होती, भारदस्त दिसावी म्हणून. पहिल्या घावाने तर्जनी आणि मधलं बोट गेलं. दुसऱ्याने काच फुटली आणि तळहातात शिरली. ते तिसऱ्यांदा उचलत होते, तोंडाने म्हणत होते, "छापलं ते छापलं ना? छापलं ते छापलं ना?" माझंच वाक्य, मॉनिटरकडून ऐकलेलं. रक्त टेबलावरून माझ्या पायावर गळत होतं आणि मी हात मागे घेत नव्हते. का, ते विचारू नकोस. तूही घेतला नव्हतास.

दार उघडलं. मॉनिटर, हातात फुलांचा गुच्छ. त्याने काही विचारलं नाही. आणि माझी आई, सत्तर वर्षांची, लगेच म्हणाली, "पडली ती. फ्रेम निसटली हातातून."

कोणी विचारलं नसताना.

मी तोंड उघडलं. बोलली ती चिमणी. भिंतीला पाठ लावून उभी होती, तशीच उभी राहून म्हणाली, "नाही. आजोबांनी मारलं." मग माझ्याकडे बघितलं. पट्टीकडे बघायची तशी नाही, माझ्या तोंडाकडे. "आणि आईपण मारते. मी त्या दिवशी पडले नव्हते काका."

मॉनिटरने गुच्छ खाली ठेवला. बाबांच्या हातून फ्रेम काढून घेतली, त्यांना खुर्चीत बसवलं, आणि मला विचारलं, "खरं आहे हे?"

धाकट्या, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मला कोणीतरी विचारलं.

"दोन्ही खरं आहे," मी म्हणाले.

तो माझ्या हाताला रुमाल गुंडाळताना रडत होता. म्हणाला, "छडी त्याने मलाच दाखवली होती. मी त्याला खोटारडा म्हणालो आणि वर्गात सगळ्यांना सांगितलं." आईने कानावरचे केस दोन्ही हातांनी मागे घेतले आणि तशीच बसून राहिली, त्याला दिसावं म्हणून.

ती आता माझ्याकडे आहे. मॉनिटरबरोबर जाऊन मी पोलिसांत जबाब दिला. चिमणीचंही तिथल्या बाईंना सांगितलं, माझ्या तोंडाने. त्या दर आठवड्याला घरी येऊन तिच्याशी एकटीशी बोलणार आहेत. बाबा घरी आहेत, जुनी मुलं त्यांना डबा पोचवतात आणि मी वेडी आहे म्हणतात. म्हणोत.

लेख फाटला, फ्रेम मोडली. फोटोचा खालचा तुकडा तेवढा शाबूत राहिला, तो सोबत पाठवते. पडद्याखालचे तुझे पाय. त्यावर एका कडेला माझं रक्त आहे, पुसलं तर शाई जाईल म्हणून राहू दिलंय.

स्टीलची पट्टी मी चिमणीला दिली. तिने ती कुठे लपवलीय ते मला माहीत नाही, माउंट आता लाकडी पट्टीने कापते. आणि तिच्याकडून तुझा पत्ता पाठ करून घेतला. माझा हात पुन्हा तिच्यावर उठला तर तिने तुला लिहायचं, असं ठरलंय. तुला मामा म्हणायचं का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, ते त्याला विचार.

माझी पत्रं तू फेकलीस तरी चालेल. तिचं आलं तर उघड.

ताई